रत्नागिरी शहर दोन दिवसांत नीट कसे पाहावे

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांना रत्नागिरी शहर दिसते ते गाडीच्या काचेतून, एखाद्या चौकातल्या गर्दीपुरते. जे थांबतात ते थिबा पॅलेस, किल्ला आणि समुद्रकिनारा अशी तीन ठिकाणे अर्ध्या दिवसात उरकतात, आणि मग ‘शहरात फारसे काही नाही’ असे सांगत परत जातात. हे मत मला मनापासून खटकते. रत्नागिरीतली प्रेक्षणीय स्थळे सुटी सुटी पाहिली तर ती खरोखरच लहान वाटतात; ती एका सूत्रात पाहिली तर मात्र या शहराएवढे बोलके बंदर कोकणात दुसरे क्वचितच सापडेल.

ते सूत्र भूगोलात आहे. पाठीशी सह्याद्रीचे घाट, समोर अरबी समुद्र, आणि पावसाळ्यात बोटींची वाहतूक बंद. 1822 मध्ये इंग्रजांनी दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे बाणकोटहून हलवून येथे आणले, आणि पुढच्या शंभर वर्षांत सरकारला ज्यांना लोकांपासून दूर ठेवायचे होते अशा माणसांसाठी हे शहर सोयीचे ठरले. ब्रह्मदेशच्या राजाला येथे तीस वर्षे ठेवले गेले, तर वि. दा. सावरकरांना तेरा वर्षे या जिल्ह्याची हद्द ओलांडण्याची मोकळीक नव्हती. म्हणून माझा आग्रह असा, की आधी जमीन आणि पाणी पाहावे, मग बंदर, आणि त्यानंतर या माणसांच्या वास्तू. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

केव्हा यावे आणि भरती कशी ओळखावी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ पायी फिरण्यासाठी सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत हापूस मिळतो हे खरे, पण दमट उन्हाने दुपारचे चार तास वाया जातात. पावसाळ्यात शहर अतिशय सुंदर दिसते. मात्र जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि 1 जून ते 31 जुलै या काळात मासेमारी बंद असल्यामुळे बंदरातली सगळी धावपळ थांबलेली असते. फाल्गुनात आलात तर शिमगा पाहायला मिळेल. शहराचे ग्रामदैवत श्री देव भैरी, त्याला येथे ‘बारा वाड्यांचा भैरी’ म्हणतात, आणि शिमग्यात त्याची पालखी बाहेर पडते तेव्हा एरवी शांत असलेल्या आळ्या ढोल-ताशांनी दुमदुमून जातात.

कोकण रेल्वेचे स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर, कुवारबावच्या बाजूला आहे, त्यामुळे उतरल्यावर रिक्षा किंवा शहर बस घ्यावी लागते. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आंबा घाटाचा रस्ता सोयीचा. मुक्काम जयस्तंभ, राम आळी किंवा मांडवी या भागांत केला तर बरीच ठिकाणे पायी होतात. किल्ला, थिबा पॅलेस आणि खाडीपलीकडचा भाट्ये किनारा यांसाठी रिक्षा करावी आणि भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे.

समुद्राकाठच्या गावात घड्याळाइतकेच भरती-ओहोटीला महत्त्व असते. कोकणातल्या जुन्या माणसांचा ठोकताळा सोपा आहे. पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतरची जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास दिवसातून दोनदा पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे तिन्हीसांजेला ओहोटी. संध्याकाळी वाळूवर लांबवर चालायचे असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे यावे. तासाभराची चूक पडू शकते, पण दोन दिवसांच्या आखणीला हा हिशेब पुरतो. उधाणाच्या दिवसांत पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त, हे ध्यानात असू द्यावे.

पहिली सकाळ रत्नदुर्गावर

रत्नदुर्गावर सगळे सूर्यास्त पाहायला जातात. मी सकाळी जाण्याचा सल्ला देईन. सकाळी ऊन पाठीमागून, पूर्वेकडून येते, त्यामुळे समुद्र, किनाऱ्याची वळणे आणि बंदरातल्या नौका स्वच्छ दिसतात; संध्याकाळी समोरून येणाऱ्या उन्हात याच सगळ्या गोष्टींच्या नुसत्या काळ्या आकृत्या होतात.

किल्ल्याचा घेर घोड्याच्या नालेसारखा असून त्याने सुमारे 120 एकर जमीन व्यापली आहे. त्याचे तीन भाग आहेत आणि ते स्वतंत्रपणे पाहावे लागतात. एका टोकाला बालेकिल्ला, त्यात भगवती देवीचे मंदिर. म्हणूनच गावातली माणसे याला भगवतीचा किल्ला म्हणतात. दुसऱ्या टोकाच्या टेकडीवर दीपगृह आहे. मधल्या सखल भागाला पेठ किल्ला म्हणतात. तेथे आजही वस्ती आहे आणि मूळचे रत्नागिरीचे उद्योजक भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले भागेश्वराचे मंदिरही तेथेच आहे. किल्ल्याची पहिली उभारणी बहामनी काळातली मानली जाते. 1670 मध्ये तो शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, पुढे तो आंग्र्यांच्या ताब्यात होता आणि 1818 मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेला.

देवीचे दर्शन झाले की लगेच परत न फिरता तटावरून पूर्ण फेरी मारावी, कारण या फेरीत शहराचा सगळा नकाशा डोळ्यांत भरतो. उत्तरेला मिऱ्याचा डोंगर आणि त्याच्याकडे जाणारी वाळूची लांब पट्टी दिसते. किल्ल्याच्या पायथ्याशी मिरकरवाडा बंदरातल्या नौका दाटीने लागलेल्या असतात. दक्षिणेला मांडवीची पुळण, तिच्या पलीकडे काजळी नदीची भाट्ये खाडी समुद्राला मिळते, आणि खाडीपल्याड सुरूच्या झाडांची सरळ रेघ दिसते. पूर्वेला माडांच्या आणि आंब्यांच्या झाडीत शहर इतके बुडालेले असते, की कौले आणि गच्च्या शोधाव्या लागतात. पाच मिनिटे थांबून खाडी, बंदर आणि शहर यांच्या दिशा मनात पक्क्या कराव्यात. पुढचे दोन दिवस कोणाला रस्ता विचारावा लागत नाही.

तटाचा दगड हाताने चाचपून पाहण्याजोगा आहे. हा जांभा. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, त्याचे चिरे सहज पाडता येतात, आणि वाऱ्यापावसात उघडा राहिला की तो घट्ट होत जातो. जवळून पाहिले तर त्याच्या लाल-पिवळ्या अंगावर बारीक बारीक भोके आणि नळ्या दिसतात, त्यांत माती साठते, मातीत गवत आणि नेचे रुजतात. हाच चिरा पुढे घरांच्या जोत्यांत, गडग्यांत, विहिरींच्या कठड्यांत आणि देवळांच्या भिंतींत सगळीकडे भेटतो.

बालेकिल्ल्याच्या खालच्या कड्यात समुद्राकडे उघडणारे भुयार आहे. ते वरूनच पाहावे. कडा निसरडा आहे आणि खाली लाटांचा मारा जोरदार असतो. दीपगृह लोकांना ठरावीक वेळीच खुले असते, तेव्हा वर जाण्यापूर्वी रिक्षावाल्याकडे चौकशी करावी.

मिरकरवाडा आणि मांडवी

किल्ल्यावरून उतरताना सरळ मिरकरवाडा बंदरावर यावे. येथे पाहण्यासारखी कोणतीही जुनी इमारत नाही, तरीही हे ठिकाण यादीतून वगळू नये, कारण बंदराचे गाव म्हणजे काय हे याच एका जागी जिवंतपणी दिसते. नौका लागली की खालून टोपल्या वर येतात, मासळीचे वाटे पडतात आणि लिलाव सुरू होतो. बांगडा, सुरमई, म्हाकूल, कोळंबी अशी प्रत्येकाची जागा वेगळी, बोली लावणाऱ्यांचा घोळका वेगळा. एका बाजूला बर्फाच्या लाद्या फोडण्याचे काम चाललेले असते, दुसऱ्या बाजूला खलाशी मांडी ठोकून फाटके जाळे शिवत बसलेले असतात. त्यांच्याजवळ थोडा वेळ उभे राहिले तर जाळ्याची फाटकी घरे पुन्हा कशी बांधतात, आधीच्या गाठीला नवा दोरा कसा अडकवतात आणि घर सारख्याच मापाचे कसे ठेवतात, हे समजते. खारवी, भंडारी आणि दालदी मुसलमान या समाजांच्या अनेक पिढ्या या किनाऱ्यावर समुद्रावर जगत आल्या आहेत.

येथे वावरताना काही पथ्ये पाळावीत. डोक्यावर टोपली असलेल्या माणसाला आधी वाट द्यावी. ओल्या धक्क्यावर तो थांबू शकत नाही. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, विशेषतः मासळी विकणाऱ्या बायकांना. पायांत घसरणार नाहीत अशी पायताणे असावीत. लिलावात मोठ्या वाट्यांची खरेदी चालते, म्हणून घरापुरती मासळी हवी असेल तर बाहेर बसलेल्या विक्रेत्या बायकांकडून घ्यावी.

मांडवीला दुपार कलल्यावर जावे. एके काळी मुंबईहून येणाऱ्या आगबोटी समुद्रात थोड्या दूर उभ्या राहत आणि उतारू पडावात बसून मांडवीच्या धक्क्यावर येत. चाकरमान्याचे गणपतीला येणे-जाणे, आंब्याच्या पेट्या, टपाल, सगळे या धक्क्यावरून झाले. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर मुंबईची वाट कायमची बदलली. आज धक्क्यावर संध्याकाळी भेळ खाणाऱ्यांची गर्दी असते. तरीही टोकापर्यंत चालत जावे, कारण या टोकावरून मागे वळून पाहिले की बोटीतून उतरणाऱ्याला शहर पहिल्यांदा कसे दिसत असेल याचा अंदाज येतो.

मांडवीची वाळू काळी आहे, म्हणून याला काळा समुद्र म्हणतात, आणि किल्ल्याच्या उत्तरेकडची वाळू पांढरी, म्हणून तिकडचा तो पांढरा समुद्र. मुलांना बरोबर आणले असेल तर एक लहानसा लोहचुंबक खिशात ठेवावा. मांडवीच्या कोरड्या वाळूत तो फिरवला की काळ्या कणांचे केस त्याला उभे चिकटतात. हे लोहयुक्त खनिजांचे कण आहेत; सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झीज होऊन नद्यांनी ते समुद्रापर्यंत आणले, आणि जड असल्यामुळे लाटांनी हलकी वाळू उचलून नेली तरी ते मागे राहिले. या किनाऱ्यावर इल्मेनाइट या खनिजाचे साठे आहेत ते याच कारणाने.

थिबा राजाचा वाडा, आणि त्याची कबर

थिबा पॅलेससाठी निदान दोन तास ठेवावेत. वाड्यात पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून दिवस तपासूनच आखणी करावी.

आत जाण्यापूर्वी इतिहास थोडक्यात माहीत हवा, नाहीतर रिकाम्या दालनांतून फिरल्यासारखे वाटते. थिबा हा ब्रह्मदेशच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. नोव्हेंबर 1885 मध्ये जेमतेम दोन आठवडे चाललेल्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि राजाला राणीसह देशाबाहेर काढले. काही महिने मद्रासला ठेवून एप्रिल 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणले, तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. पट्टराणी सुपयालत, धाकटी राणी आणि लहान मुली बरोबर होत्या. चौथी मुलगी रत्नागिरीतच जन्मली. सरकारचे तनख्यावर आणि हालचालींवर नियंत्रण होते, पहाऱ्याला पोलीस होते, आणि परवानगीशिवाय बाहेर पडता येत नव्हते.

हे लक्षात ठेवून वाड्याच्या समोर उभे राहावे. ही तीन मजली लालसर इमारत, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या, पहिल्या मजल्यावरचे संगमरवरी फरशीचे नृत्यदालन, हे सर्व पाहून हा राजाच्या वैभवाचा वाडा असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात राजा येथे राहायला आला तो 1910 मध्ये, म्हणजे रत्नागिरीत चोवीस वर्षे दुसऱ्या बंगल्यांत काढल्यानंतर, आणि डिसेंबर 1916 मध्ये तो वारला. एवढ्या मोठ्या वास्तूत त्याचे वास्तव्य जेमतेम सहा वर्षांचे. त्यातही धाकटी राणी 1912 मध्येच गेली. राजाच्या मृत्यूनंतर, 1919 मध्ये, राणी आणि मुली ब्रह्मदेशात परतल्या. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली आणि 1947 मध्ये येथेच वारली. त्यानंतर बराच काळ या वाड्यात शासकीय तंत्रनिकेतन भरत होते. रत्नागिरीकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी राजाच्या दालनांत बसून अभ्यास केला आहे, आणि वास्तू टिकली त्यात तिच्या या वापराचाही वाटा आहे, असे मला वाटते.

दालने पाहून झाल्यावर मागच्या बाजूला असलेली बुद्धमूर्ती पाहावी, आणि मग जवळच्या थिबा पॉइंटवर जावे. येथून भाट्ये खाडी, तिच्यावरचा पूल आणि समुद्र एका दृष्टिक्षेपात दिसतात. पहिल्या दिवसाचा सूर्यास्त पाहायचा तो येथे.

राजाची कबर शिवाजीनगर भागात आहे आणि तेथपर्यंत फार थोडे लोक जातात. राजा आणि धाकटी राणी या दोघांची ती विश्रांतीची जागा. 1858 मध्ये इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवले आणि तो तेथेच 1862 मध्ये वारला. जफरला तिकडे पाठवल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी ब्रह्मदेशचा राजा त्यांनी आपल्याकडे आणला. दोन्ही देशांत एकमेकांच्या शेवटच्या राजाची कबर आहे. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीला येऊन या कबरीचे दर्शन घेतले होते. आजूबाजूला लोकवस्ती आहे, त्यामुळे शोधताना ‘थिबा राजाची समाधी’ असे विचारावे, आणि आवारात शांतता राखावी.

दुसरी सकाळ आळ्यांतून

दुसरा दिवस शहराच्या मध्यवस्तीला द्यावा आणि तो पायीच करावा. जयस्तंभाकडून राम आळीच्या बाजारपेठेतून गोखले नाक्याकडे आणि तेथून टिळक आळीत असा रस्ता धरला तर वाटेत बाजार, जुनी घरे आणि देवळे आपोआप होतात. सकाळी नऊच्या आत निघाल्यास गर्दी लागत नाही.

टिळक आळीतल्या घरात 23 जुलै 1856 रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते; त्यांची बदली झाल्यावर 1866 मध्ये कुटुंब पुण्याला गेले, म्हणजे टिळकांची पहिली दहा वर्षे या गावात गेली. येथे दालने मोजण्याऐवजी कोकणी घराची रचना पाहावी. जांभ्याचे जोते, उतरते कौलारू छप्पर, पडवी, ओटी, माजघर, आणि मागे झाडांचे आगर. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून छप्पर किती खाली आणले आहे, ते अंगणातून वाकून पाहिले की लक्षात येते.

तेथून पतितपावन मंदिर. सावरकरांना 1921 मध्ये अंदमानातून परत आणल्यावर रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवले होते. पुढे 1924 मध्ये, राजकारणात भाग घ्यायचा नाही आणि जिल्हा सोडायचा नाही या अटींवर त्यांची सुटका झाली, आणि या अटी 1937 पर्यंत राहिल्या. राजकारणाची वाट बंद झाल्यावर त्यांनी जातिभेदाविरुद्ध काम सुरू केले. सर्व जातींच्या मुलांना शाळेत एकत्र बसवावे म्हणून खटपट केली, सहभोजने घडवली. भागोजीशेठ कीर यांनी खर्च उचलला आणि 22 फेब्रुवारी 1931 रोजी लक्ष्मीनारायणाचे हे मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडले गेले. त्या काळी अनेक देवळांच्या पायऱ्याही ज्यांना चढता येत नव्हत्या अशांना येथे थेट मूर्तीपर्यंत जाता येत होते, ही गोष्ट सभामंडपात उभे राहून आठवावी. महात्मा गांधी 1927 मध्ये रत्नागिरीला आले असता सावरकरांच्या भेटीला गेले होते. तुरुंगातली सावरकरांची कोठडी स्मारक म्हणून जपलेली आहे. मात्र तो आजही चालू तुरुंग आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि तेथील कर्मचारी सांगतील त्याप्रमाणे वागावे.

वाचनाची आवड असणाऱ्यांनी 1828 मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयात डोकावून यावे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. मुले बरोबर असतील तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय चुकवू नये. तेथे देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. आदल्या दिवशी लिलावात पाहिलेले मासे पोहताना कसे दिसतात हे मुलांना तेथे ओळखू द्यावे.

संध्याकाळी भाट्ये

पूल ओलांडला की भाट्ये. येथे सुरूचे बन, सरळ पसरलेली पुळण, जवळच झरी विनायकाचे मंदिर आणि नारळ संशोधन केंद्र आहे. तिथीच्या हिशेबाने ओहोटीची वेळ साधून यावे, म्हणजे ओल्या घट्ट वाळूवरून दूरपर्यंत चालता येते. खाडीच्या मुखाजवळ मात्र पाण्यात अजिबात उतरू नये. ओहोटी लागली की खाडीचे सगळे पाणी त्या अरुंद वाटेने समुद्राकडे खेचले जाते आणि गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. पोहायचेच असेल तर स्थानिक माणसाला विचारून, मुखापासून लांब, भरती चढत असताना उतरावे. अंधार पडल्यावर परतीची रिक्षा मिळणे कठीण जाते, त्यामुळे आणणाऱ्या रिक्षावाल्यालाच परतीची वेळ सांगून ठेवावी.